तीनशे अकरावा मीटर

धर्मपाल गजभिये हा माणूस भित्रा होता, हे रायपूरच्या कारखान्यांच्या भागात, उरल्यात, कुणालाच माहीत नव्हतं. उरल्यात त्याला सगळे हिशेबी समजत. घरी गुढियारीत त्याची बायको कलावती तेवढी खरं ओळखून होती, पण तिनं ते बाहेर कधी सांगितलं नाही. एवढा मान तिनं सव्वीस वर्षं राखला.

त्याची भीती साधीसुधी नव्हती, शिस्तीची होती. भूकंपाची बातमी आली की तो पलंगापासून दारापर्यंतचं अंतर टेपनं मोजायचा, कडी काढायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघायचा आणि "अकरा सेकंद, निघून जाऊ" असं म्हणून गाढ झोपायचा. डॉक्टरनं साखर सांगितली तेव्हा तो तीन रात्री तळमळला. चौथ्या दिवशी त्यानं कागदावर काहीतरी मांडलं, वर्षाला किती पॉइंट वाढतात वगैरे, आणि पाचव्या दिवशी नेहमीसारखा दोन पोळ्या जास्त मागून मोकळा झाला. आकडा आला की भीती जाते, हा त्याचा अनुभव होता. वडील वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते, भंडाऱ्याकडून आलेले. त्यांच्याकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आणि पोलादी फूटपट्टी. फोटोकडे बघून तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचला. पुढं फूटपट्टीवर भागवलं.

नोकरी धरमकाट्यावर. म्हणजे जमिनीत बसवलेली एक लांबलचक लोखंडी पाटी; तिच्यावर ट्रक उभा राहतो, काचेच्या खोपटात बसलेला धर्मपाल आकडा वाचतो आणि पावती फाडतो. आजूबाजूला रोलिंग मिलांचा गडगडाट असा की ड्रायव्हरच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तोंड हललेलं दिसावं. म्हणून तिथं गमछा चालतो, लाल. धर्मपालनं गमछा वर धरला की हळू ये. गमछा खाली आला की जिथं असशील तिथं थांब. ट्रकची पुढची चाकं पाटीबाहेर गेली की वजन खोटं येतं, त्यामुळं गमछ्यापुढं वाद नाही. पंजाबचा ड्रायव्हर असो, ओडिशाचा असो, गमछा सगळ्यांना कळतो.

त्याची पोरगी चेतना शाळेतून डबा घेऊन तिथं यायची आणि खोपटाच्या पायरीवर बसून हे बघायची. सोळाव्या वर्षी ती त्याच पाटीवर मॅनेजरची जुनी जीप चालवायला शिकली. रविवारी काटा बंद असायचा. धर्मपाल समोर गमछा घेऊन उभा.

"गमछा खाली आला का पाय काढायचा," तो सांगायचा. "काहून, ते मंग विचारायचं. आधी पाय."

"और अगर आपने गलती से गिरा दिया तो?" ती मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची, गुढियारीतली तिच्या वयाची सगळीच पोट्टी तशी.

"तरी आधी पाय."

आता ती पंचवीसची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका गाड्यांच्या वर्कशॉपात लागली होती, हाताला ग्रीस आणि जिभेला धार. तिच्याच वर्कशॉपात विकी नावाचा एक जण होता, ज्याचा असा ठाम समज होता की कुठल्याही गाडीला सायलेन्सर बदलला की वीस घोडे जास्त येतात. रायपुरात अश्वशक्ती मोजायचं यंत्र विकीच्या माहितीत कुठंच नव्हतं. त्यामुळं प्रत्येक जण आपल्या गाडीची अश्वशक्ती तोंडानं मोजायचा, आणि तोंडाची अश्वशक्ती किती असते हे आपल्याला ठाऊकच आहे.

एकदा विकी एका गिऱ्हाइकाची लाल गाडी घेऊन धरमकाट्यावर आला. म्हणाला, "काका, दोनशे घोड्यांची आहे. वजन करून द्या, पोस्ट टाकायची आहे."

धर्मपालनं वजन केलं, आणि मग त्याला राहवलं नाही. त्यानं कुठंतरी वाचलेलं होतं: गाडीचं वजन किलोत घ्यायचं, अश्वशक्तीनं भागायचं, आलेल्याचं घनमूळ काढायचं आणि साडेसाताहून किंचित मोठ्या एका आकड्यानं गुणायचं. येतात ते सेकंद, उभ्या गाडीला चारशे मीटर जायला लागणारे. उलटीकडून गेलं तर सेकंदांवरून घोडे मिळतात. बंद पडलेल्या मिलच्या मागं पाऊण किलोमीटरचा सरळ सिमेंटचा रस्ता होता. तिथं त्यानं गाडी पळवायला लावली आणि स्टॉपवॉच दाबलं.

"एकशे अठरा," तो म्हणाला.

"काय एकशे अठरा?"

"घोडे. बाकीचे ब्याऐंशी स्टिकरमंधी असतीन, पाह्य."

तेव्हापासून धर्मपालचा आकडा चालू झाला. पोरं शिव्या देत यायची आणि आकडा घेऊन जायची. तो चार-दोन टक्क्यांच्या पलीकडं कधी चुकला नाही. एका गाडीनं बाहेरगावच्या स्पर्धेत नेमका त्यानं सांगितलेला वेळ दिला, तेव्हा विकीनं त्याच्या पाया पडण्याचं नाटक केलं. धर्मपालला ते नाटक वाटलं नाही.

मग मे महिन्यात चेतनानं स्वतःची गाडी आणली. जुनी पांढरी हॅचबॅक. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली आणि सहा महिने वर्कशॉप सुटल्यावर उघडून-जोडून टर्बो बसवलेली. हिवाळ्यात नव्या रायपुरात परवानगीची स्पर्धा होणार होती, चारशे मीटरची. तिला त्यात उतरायचं होतं. फॉर्मवर पालकाची सही मागितली होती. पंचविशीतल्या पोरीला कशाला, हे आयोजकांनाच माहीत. कदाचित पोरगी होती म्हणून.

कलावती म्हणाली, "सही करू नका."

चेतना म्हणाली, "पापा, पहले नंबर निकालो. फिर बोलना."

तिनं बापाला बरोबर जागी पकडलं होतं.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता उरल्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पारा चव्वेचाळीसला. मिलमागचा रस्ता ओसाड, म्हणूनच ती वेळ धरली. वजन केलं, सवयीनं ड्रायव्हर खाली उतरवून. मग चेतनाचं वजन तिनं सांगितलं तेवढं धरलं आणि वर गुपचूप सहा किलो चढवले. एकूण एक हजार ऐंशी. तीन वेळा गाडी पळवली. पंधरा सेकंद, पंधरा, पंधराला किंचित कमी. म्हणजे एकशे चाळीस घोडे. शेवटच्या रेषेवर वेग तासाला एकशे सेहेचाळीस किलोमीटर.

विकी एकशे ऐंशी घोड्यांवर अडून बसला होता. त्याच्याकडं धर्मपालनं बघितलंही नाही. त्याला घोड्यांशी घेणं नव्हतं. त्याला पुढचं हवं होतं. रेषेनंतर गाडी थांबायला किती जागा लागते? त्यानं ब्रेकच्या काळ्या खुणा फूटपट्टीनं नाही पण टेपनं मोजल्या. एकशे अठरा मीटर. त्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद, म्हणजे आणखी साठ मीटर. एकशे अठ्ठ्याहत्तर. आयोजकांच्या कागदावर रेषेनंतर थांबायला तीनशे मीटर दिले होते.

"एकशे बावीस शिल्लक," तो घरी येऊन म्हणाला आणि सही केली.

"आकड्यावर पोट्टीले पाठवून राहिले तुमी," कलावती म्हणाली.

"आकड्यावर नाही तं कशावर पाठवू?"

त्या रात्री धर्मपाल शांत झोपला. जून ते डिसेंबर, सगळ्या रात्री.

जानेवारीतला रविवार. पहाटे निघताना कलावतीनं त्याला मंकी कॅप घातली, स्वेटरवर स्वेटर चढवलं आणि वरून त्याचाच ड्युटीचा लाल गमछा गळ्याभोवती करकचून बांधला. "हवा लागन," ती म्हणाली. दारात उभी राहून तिनं चेतनाच्या गाडीचा मागचा दिवा वळणाआड जाईपर्यंत बघितला.

चेतना आणि विकी गाडीतून पुढं गेले. धर्मपाल स्कूटरवर मागून.

नव्या रायपुरातले रस्ते म्हणजे रस्ते नाहीत, मैदानं आहेत. सहा-सहा पदरी, आणि बस येते ती कुणी विसरून सोडल्यासारखी. त्यातल्या एका रस्त्याचा एक भाग दोऱ्या बांधून अडवला होता. चारशे मीटरवर पांढरी रेषा आणि वेळ दाखवणारा बोर्ड. तिथून पुढं तीनशे मीटर मोकळे, मग जुन्या टायरांची रास, आणि तिच्यामागं सिमेंटचे ठोकळे, कारण ठोकळ्यांमागं चौक होता. दीड-दोनशे माणसं जमली होती. कुठंतरी भजी तळली जात होती. धुकं वर उचलत होतं, पण अजून निघालं नव्हतं.

धर्मपालनं चहा घेतला. कागदी कप. तो प्यायला आणि टेकावं म्हणून स्कूटरच्या सीटवर हात ठेवला.

हात ओला झाला.

त्यानं तळवा डोळ्यांसमोर धरला. सीटवर दवाचे बारीक बारीक थेंब होते, त्याच्या पंज्याएवढी जागा तेवढी पुसली गेली होती. मग त्यानं खाली बघितलं. रस्ता काळा होता. मघापासून काळाच होता, नवीन डांबर म्हणून काळा असेल असं त्यानं गृहीत धरलं होतं. तो खाली बसला आणि बोट टेकवलं. बोट काळं आणि ओलं वर आलं.

मे महिना, त्याला आठवलं. दुपारचे दोन.

मंकी कॅपच्या आत कान गरम झाले. आपण आकडा काढला तो तापलेल्या, कोरड्या, भाजलेल्या सिमेंटवर. ज्या दुपारी रायपुरातला माणूस घराबाहेर निघत नाही, त्या दुपारी आपण पोरीच्या जिवाचं माप घेतलं, आणि ते घेतलं तेव्हा रस्ता ओसाड होता एवढ्याच एका सोयीसाठी.

त्यानं खिशातलं पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून कपावरच लिहायला लागला. थंड हवा दाट असते, इंजिन जास्त ओढतं. दहा टक्के धरू. एकशे पंचावन्न घोडे. घनमूळ त्याला तोंडीच यायचं. वेग फारसा वाढत नव्हता, एकशे एक्कावन्न. घनमुळाचा हा एक चांगुलपणा आहे, ते सगळ्या वाढीला दाबून टाकतं. क्षणभर त्याला बरं वाटलं. मग ब्रेक. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्मी धरली. अडीचशेवर एक. आणि पाय जाईपर्यंतचे साठ.

तीनशे अकरा.

त्यानं पुन्हा केलं, कप फिरवून दुसऱ्या बाजूला. तीनशे अकरा.

आयुष्यात पहिल्यांदा आकडा आला आणि भीती गेली नाही. उलट तिला आता पत्ता मिळाला. तीनशे मीटरवर टायर. तीनशे अकराव्या मीटरवर चेतना.

तेवढ्यात पहिली गाडी सुटली. ती हळू होती, छोटी, आरामात थांबली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसरी वेगाची होती. रेषा ओलांडली, ब्रेकचे दिवे लागले आणि गाडीचं शेपूट एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं गेलं. टायरांच्या राशीपासून वीस-एक मीटरवर ती थांबली. लोक हसले, टाळ्या पडल्या. ती गाडी चेतनाच्या गाडीपेक्षा हळू होती. धर्मपालनं ऐकून ओळखलं.

चेतना चौथी होती.

तो सुरुवातीकडं धावला. धावला म्हणजे, छप्पन्न वर्षांचा, साखर असलेला, दोन स्वेटर घातलेला माणूस जेवढा धावतो तेवढा. अर्ध्या वाटेत दोरीपाशी एका दाढीवाल्या पोरानं हात आडवा केला. त्याच्या गळ्यात शिट्टी आणि छातीवर बिल्ला.

"अंकल, पीछे."

"मेरी बेटी है. चार नंबर. उसको बोलना है, रोड गीला है."

"अंकल, सबके पापा को गीला लगता है." तो हसून म्हणाला, वाईट नव्हता बिचारा. "धूप निकलेगी, सूख जाएगा."

"निकलेगी ना. तो रुको ना तब तक."

"टाइम से चलाना पड़ता है अंकल. परमिशन ग्यारह बजे तक का है."

"तीन सौ ग्यारह मीटर लगेगा," धर्मपाल म्हणाला आणि त्याच्यासमोर चहाचा कप धरला. पोरानं कपात डोकावून बघितलं. कप रिकामा होता. त्यानं धर्मपालकडं अशा नजरेनं बघितलं, की या माणसाला एक चहा आणखी हवा आहे आणि मागायला लाजतो आहे.

धर्मपालनं फोन काढला. चेतनाचा फोन विकीच्या खिशात होता. आत गाडीत फोन न्यायला मनाई. दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा विकीनं उचलला.

"काका, बोला, पण जोरात."

"तिले सांग. रेषेच्या आधीच पाय काढ म्हणा. ऐंशी मीटर आधी."

"काय?"

"पाय काढ म्हणा बाप्पा, रेषेच्या आधी. रस्ता ओला हाय."

"काका, काच वर गेली. हेल्मेट घातलं. लाइनीत उभी आहे ती, मला जवळ जाऊ देत नाहीत." मग मागं गुरगुराट झाला आणि विकी ओरडला, "तिसरी सुटली. आता आपलीच."

फोन त्याच्या हातात तसाच चालू राहिला.

तो थांबला. त्याला थंडी वाजत होती आणि घामही येत होता. इथून ओरडलं तर तिला काय दिसेल? तोंड हललेलं. एवढं मनात आलं मात्र, त्याचा हात आपोआप गळ्याकडं गेला. कलावतीनं गाठ अशी मारली होती की सुटेना. दातानं धरली. सुटली.

तो आता उलटा धावत होता, शेवटाकडं, दोरीच्या बाहेरून, लोकांना कोपर मारत. "ओ चाचा, दिखता नहीं क्या." "अरे जाने दो, सू लगी होगी." रस्त्याच्या कडेला दिव्यांचे खांब होते, चाळीस-चाळीस मीटरवर. पांढऱ्या रेषेपाशी एक. अलीकडं एक. त्याच्या अलीकडं आणखी एक. ऐंशी मीटर म्हणजे तो. त्या खांबाशी तिचा पाय निघाला तर निघाला. तो रेषेजवळच्या खांबाशी पोचला, दोरी उचलली आणि आत एक पाऊल टाकलं. कुणीतरी शिट्टी मारली, गळ्यातली.

लांबून तिची गाडी सुटली.

सुटली म्हणजे आधी जागेवरच ओरडली. पुढची चाकं ओल्या रस्त्यावर नुसतीच फिरली, धूर नाही, नुसता चिवचिवाट. लोक हसले. "अरे दीदी, गियर में डालो." धर्मपाल हसला नाही. सुरुवातीला चाक फिरलं की वेळ बिघडतो, पण शेवटचा वेग फारसा बिघडत नाही. हे त्यानं स्वतः दहा पोरांना समजावून सांगितलं होतं. चाकांनी रस्ता धरला. पांढरा ठिपका मोठा होऊ लागला.

त्यानं गमछा वर धरला, दोन्ही हातांनी, पूर्ण उंच.

बघ, तो मनात म्हणाला. इकडं बघ. बोर्डाकडं नको बघू, रेषेकडं नको.

आवाज वाढत गेला. एकशे दहा, एकशे वीस, कान आपोआप मोजत होते आणि त्याला ते बंद करता येत नव्हतं. एकशे तीस. काचेमागं हेल्मेटचा काळा गोळा. त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते, ती त्याची पोरगी होती की कुणी दुसरंच बसलं होतं हेही कळत नव्हतं.

गाडी तिसऱ्या खांबापाशी आली आणि त्यानं गमछा खाली आणला. असा, की हातातून सुटून रस्त्यावरच पडला.

आवाज तुटला.

दुसऱ्या खांबाशी ब्रेकचे दिवे लागले. ती त्याच्या समोरून गेली तेव्हा गाडी किंचित तिरकी होती, वाऱ्यानं गमछा उडून त्याच्या पायाला गुंडाळला. त्यानं पुढं बघितलं नाही. चाकांचा घसरण्याचा आवाज लांब लांब जात राहिला, एवढा वेळ की त्यात माणसाचं एक आयुष्य आठवून व्हावं. त्याला मात्र फक्त जीप आठवली, आणि पाटीची खळखळ.

मग आवाज थांबला. आपटल्याचा आवाज आला नाही. त्यानं वाट बघितली, तरी आला नाही.

बोर्डावर आकडा आला, सतरा पूर्णांक चार. लोकांनी हूट केलं. दाढीवाला पोरगा धावत आला आणि "अंकल, आपको पुलिस में दे दूँ क्या" असं काहीतरी म्हणाला. धर्मपाल त्याच्या बाजूनं निघून गेला.

चेतना गाडीतून उतरली होती, हेल्मेट काखेत. चेहरा लाल. ती चालत त्याच्याकडं आली आणि दोन हातांवर थांबली.

"गमछा नीचे आया, मैंने पैर हटाया," ती म्हणाली. आवाज थंड होता. "अब पूछ रही हूँ. काहून?"

तिच्या तोंडून मराठी शब्द आला की समजायचं, ती खरंच चिडली.

त्यानं खिशातला कप पुढं केला. चुरगाळला होता, पण अक्षर वाचता येत होतं. तिनं वाचलं. मग ती वळली आणि गाडीच्या पुढच्या चाकापासून टायरांच्या राशीपर्यंत चालायला लागली. तोही मागून. दोघंही पावलं मोजत होती, आपापली. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं, धरमकाट्यावर मोजून घेतलेलं.

साठ पावलं.

"पैंतालीस मीटर," ती म्हणाली. "और मैंने अस्सी पहले छोड़ा था."

"हव."

"मतलब पैंतीस उधर." तिनं टायरांच्या मागच्या ठोकळ्यांकडं बघितलं. ठोकळे त्याही अलीकडं होते. "आपने ग्यारह लिखा है."

भीतीनं काढलेला आकडासुद्धा कमीच भित्रा निघाला होता.

ती दाढीवाल्याकडं गेली. काय बोलली ते धर्मपालला ऐकू आलं नाही. तिनं त्याला रस्त्यावर वाकायला लावलं, तळवा टेकवायला लावला. बापानं दाखवला तेव्हा चहाचा असलेला कप आता कागदपत्र झाला होता. दोन-तीन बिल्लेवाले त्याभोवती जमले. पाच मिनिटांनी भोंग्यावरून आवाज आला की, ऊन येईपर्यंत स्पर्धा थांबवली आहे.

ऊन साडेनऊला आलं. रस्ता आधी ठिपक्याठिपक्यांनी आणि मग सरसकट करडा झाला. धर्मपाल दर दहा मिनिटांनी वाकून हात लावत होता. विकीनं त्याला भजी आणून दिली. ती त्याच्या हातातच गार झाली.

दहाला चेतना आली.

"फिर से रन मिला है. नंबर निकालो."

त्याला वाटलं, नको म्हणावं. पालकाची सही आपली आहे, ती परत घेता येते का विचारावं. पण तिनं आकडा मागितला होता, आणि आकडा न देणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. नव्या कपावर लिहिलं. हवा मेपेक्षा थंड, सकाळपेक्षा गरम. एकशे अठ्ठेचाळीस घोडे. चौदा पूर्णांक सात. थांबायला एकशे चौऱ्यांशी.

"एकशे सोळा शिल्लक," तो म्हणाला.

"पक्का?"

"कागदावर पक्का."

तिनं हात पुढं केला.

"गमछा दो."

"काहून?"

"आपके पास रहा तो आप गिरा दोगे."

हे खरं होतं. त्यानं तो आधीच मुठीत गुंडाळून ठेवला होता. त्यानं दिला. तिनं तो घेतला, मनगटाला दोन वेढे मारले आणि निघून गेली.

धर्मपाल त्याच खांबाशी जाऊन उभा राहिला, या वेळी दोरीच्या बाहेर. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं कळेना. त्यानं ते स्वेटरात घातले. गाडी सुटली तसे त्यानं डोळे मिटले आणि मोजू लागला. पंधरापर्यंत आला तेव्हा तिचा आवाज त्याच्या समोरून फाटत गेला. मग ब्रेक. सोळा, सतरा, अठरा. वीस. बावीसला सगळं थांबायला हवं होतं. तो चाळीसपर्यंत मोजत राहिला, डोळे मिटूनच, कारण चाळीसच्या आत वाईट बातमी आली असती.

"काका," विकी त्याला हलवत होता. "पंधरा पूर्णांक एक. तुमचा कागद चुकला. चौदा सात म्हणाला होता."

"थांबली कुठं?"

"अरे, अर्ध्या रस्त्यातच. खूप जागा आहे पुढं."

चेतना गाडी फिरवून आली. काच खाली केली, हेल्मेट काढलं. हसत होती. सकाळपासून पहिल्यांदा. बक्षिसात तिचा नंबर नव्हता, पाचवी का सहावी होती, तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"डर गए थे?" तिनं विचारलं.

"मी कायले भिऊ," धर्मपाल म्हणाला. "आकडा होता ना."

"हाँ. मैं भी नहीं डरी," ती म्हणाली, आणि मनगटाचे वेढे सोडून गमछा खिडकीतून त्याच्या हातात दिला.

त्यानं तो गळ्याभोवती टाकला. मानेला ओला लागला. त्यानं खाली वाकून रस्त्याला तळवा टेकवला. रस्ता कोरडा ठणठणीत होता, उन्हानं थोडा कोमटच. मग त्यानं गमछ्याचं टोक मुठीत पिळून बघितलं, घाम होता, तिचा, आणि गमछा तसाच गळ्यात ठेवून त्यानं स्कूटर सुरू केली.